वाघमारेसरांची परवानगी

सिंगापुरात आमच्या बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कुठल्याही पाटीवर गावाचं नाव दिसलं, की वाघमारेसर आधी आचाऱ्याचं गाव विचारतात. तो दुसरीकडचा निघाला तरी जेवतात पोटभर, पण हात धुताना मला बजावतात, "नावाला मालक असतो, मॅडम."

सर आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले वर राहतात. मूळचे नांदेडचे. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीसाठी युरोप-अमेरिकेच्या व्यापारी वाटाघाटींवर नजर ठेवायची, ही त्यांची नोकरी. भांडण कशावरून, तर चीजवरून! युरोप म्हणतो, चीजला ज्या गावाचं नाव, त्याच गावाने ते वापरावं. अमेरिका म्हणते, नाव आता सगळ्यांचं झालं. सर हे असं रंगवून सांगतात, की बांधावरून भांडणारी भावकी डोळ्यांपुढे यावी. आम्ही हसतो. पण इथल्या मराठी मंडळाच्या अंकात एकीची कविता दुसरीच्या नावावर छापली गेली, तेव्हा तिच्यासाठी भांडायला हाच माणूस उभा राहिला. इतका सरळ माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांच्या बायकोने, शालिनीताईंनी, मला येसर करायला शिकवला. भाजलेल्या धान्यांचा हा आमटीचा मसाला मी पुणेकरणीने जन्मात पाहिला नव्हता. ताई गेल्या वर्षी गेल्या. यंदा मंडळाच्या दिवाळी विक्रीत 'शालिनीताईंचा येसर' ठेवावा, असं मला फार वाटत होतं. नाव ताईंचं, म्हणजे सरांना विचारणं आलंच.

"चव तिची असेल तरच नाव तिचं," सर म्हणाले. "करून आणा."

पहिल्या शनिवारी मी येसर नेला. सरांनी आमटी केली, चाखली आणि मान हलवली. धणे कमी. दुसऱ्या शनिवारी बाजरी जास्त भाजली गेलेली. मग मिरीवर घसरले. दर वेळी चहा पाजायचे, तासभर ताईंच्या गोष्टी सांगायचे आणि परवानगी काही द्यायचे नाहीत! सहाव्या शनिवारी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, राहू द्या सर, बिननावाचाच विकते.

सर गडबडले. हातातली वाटी त्यांनी खाली ठेवली.

"पहिल्याच शनिवारी जमला होता," ते म्हणाले. "एक घोट घेतला आणि वाटलं, शालू आत स्वयंपाकघरात आहे. पण तेव्हाच हो म्हटलं असतं, तर तुम्ही पुन्हा कशाला आला असतात?"

मला रडू आवरेना. डोळे पुसून मी उरलेली आमटी दोन वाट्यांत वाढली आणि म्हटलं, पुढच्या शनिवारी येताना भाकरीचं पीठही आणते.