खिल्लारे काकांचा उन्हात काळा होणारा चष्मा

आमच्या आखाडा बाळापुरात वस्तूंशी भांडणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी राहतो. खिल्लारे काका. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. पंखा कुरकुरला की काका खुर्चीवर चढून त्याला जाब विचारतात. नळातून नुसती हवा आली तर त्याच्यासमोर उकिडवे बसून दरडावतात, "हे बराबर न्हाई. पाणी न्हाई तं न्हाई म्हण, फुसफुस काहून करून राहिला?" आवाज मूळचाच भरलेल्या गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना पहिले काही दिवस वाटतं, या घरात कुणाचा तरी जीव जाणार.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून काकांना ऊन सोसेना. बाहेर पडले की डोळ्यांतून पाणी. हिंगोलीच्या चष्मेवाल्यानं उपाय सांगितला, "काका, ही काच घ्या. घरात पांढरी, उन्हात आपोआप काळी. दोन चष्मे सांभाळायची तकलीफच नाही." काका खूश होऊन परतले. ती खुशी बँकेच्या दारापर्यंत टिकली.

उन्हातून आत शिरले, तर खिडकीमागची मुलगी म्हणाली, "आजोबा, गॉगल काढा. फोटो जुळवायचाय."

"गॉगल न्हाई हा! नंबरचा चष्मा हाय!"

"मग काळा कसा?"

"थांब जरा. पांढरा होऊन राहिला."

मग अख्खी रांग काकांच्या चष्म्याकडे बघत उभी राहिली. चष्म्याला काही घाई नव्हती. शेवटी मागचा एक जण म्हणाला, "काका, तुमचा उजाडेस्तोवर आमचं उरकून घेऊ का?"

काका पैसे न काढता घरी आले. चष्मा हातात धरून त्यांनी त्याला जे सुनावलं, ते मी दुकानात बसून ऐकलं. गिऱ्हाइकांनीही ऐकलं.

पुढचा प्रसंग सेनगावचा. काकांबरोबर बरीच वर्षं ड्युटी केलेल्या ड्रायव्हरची आई वारली. काका भर दुपारी पोचले. खोली अंधारी, काचा काळ्या. काकांनी एकाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "धीर धरा, आई कोणाला जन्माची पुरत न्हाई." तो मंडपवाला होता. कोपऱ्यातून एक बाई कुजबुजली, "मयताच्या घरी बी गॉगल!"

त्यावर कडी म्हणजे परतीची जीप. काका पुढच्या सीटवर, समोरून मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत, आणि चष्मा पांढराफट्ट! जीपमधून उतरले ते सरळ माझ्या दुकानात. "दिलीप, तूच सांग! जिथं ऊन घुसून राहिलं तिथं पांढरा, अन् मयताच्या घरात काळा! उद्या माझ्यासंग हिंगोलीला चाल. साक्षीदार पायजे."

मी गेलो. काकांनी दुकानात पाय ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. चष्मेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं, "काका, उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांनी ही काच काळी होते. गाडीच्या पुढच्या काचेत ते किरण अडतात, म्हणून गाडीत ती पांढरीच राहते. आणि आत आल्यावर पांढरी व्हायला थोडा वेळ लागतोच."

"मंग इकताना काहून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

झालं! काकांचा आवाज रस्त्यावर गेला. "मी तिकीट फाडताना प्रत्येकाला सांगत होतो, गाडी वारंगा फाट्यावर थांबते, आत गावात जात न्हाई! त्यानं इचारायच्या आधी! ज्याला म्हाईत न्हाई तो इचारंल कसा?"

चष्मेवाला हातातलं फडकं खाली ठेवून पुढं आला. मग सरळपणे म्हणाला, "चुकलं माझं. आता एवढंच सांगा, तुम्ही गाडीत जास्त बसता की उन्हात जास्त चालता?"

"चालतो."

"चालताना डोळे दुखतात?"

काकांना खोटं बोलता येत नाही. "न्हाई दुखत," ते चिडूनच म्हणाले.

"मग तुम्हाला हाच ठीक. आत गेलात की जरा दारात थांबत जा."

येताना काकांनी चष्मा काढून दोनदा पुसला. मग म्हणाले, "माणूस चोर हाय. पण बोलला बराबर." चष्मा ठेवायचं ठरलं.

आणि आठवडा झाला नसेल, काका एकटेच हिंगोलीला जाऊन साध्या काचा बसवून आले! आता चिडायची पाळी माझी होती. दुकान बंद ठेवून मी साक्षीला गेलो होतो. "मग आपण भांडलो कशाला?" मी विचारलं. काका पाठ फिरवून घरात निघून गेले. भांडण अर्धवट सोडून जाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

उत्तर काकूंकडून मिळालं. काकूंना ऐकू येत नाही. तरुणपणी मोठा ताप आला, त्यात कान गेले. त्या बोलतात, पण समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखतात. मी सावकाश विचारलं, तशा त्या हसल्या.

"साऱ्या गल्लीला त्यांचा आवाज ऐकू येते. मला फक्त तोंड दिसते. अन् तोंड तं कायम भांडणाचंच. राग खरा का खोटा, ते मी डोळ्यात बघते. तुम्ही हिंगोलीहून आल्यावर एक दिवस अंगणात मिरच्या वाळू घातल्या होत्या. हे उन्हात उभे राहून कायतरी ओरडून राहिले अन् काळ्या काचेमागं डोळेच दिसंनात. मला वाटलं, यावेळी खरंच माझ्यावर रागावले. मी दिवसभर जेवले न्हाई."

"आणि ते कुणावर ओरडत होते?"

"कावळ्यावर."

परवा मी त्यांच्या फाटकाशी उभा होतो. काका अंगणात तूर निवडत बसले होते, डोक्यावर पुढं झापड असलेली टोपी, तरी डोळ्यांतून पाणी येत होतं. काकू आल्या. त्यांनी काकांना उठवलं, खुर्ची फिरवून त्यांची पाठ उन्हाकडे केली आणि स्वतः समोर बसल्या. सगळं ऊन आता त्यांच्या तोंडावर. कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून त्या काकांकडे बघू लागल्या.

काका काहीतरी बोलले. ओठ हलले, पण आवाज अजिबात नव्हता. या माणसाला असं बोलता येतं, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मी फाटक न वाजवता दुकानात परत आलो.