पोंक्षे काकांचं फुलपात्र

पोंक्षे काकांच्या गाडीत बसायचं तर हातात पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र धरावं लागतं. स्टीलचं, कडेला काकूंचं नाव कोरलेलं. गाडी सुरू करण्याआधी काका ते स्वतः भरतात, डोळे पाण्याच्या रेषेत आणून पातळी तपासतात आणि "धरा, मास्तर" म्हणतात. मी शाळेत भूगोल शिकवतो, काकांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यामुळे बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत माझी पँट बरेचदा ओली असते आणि लोक कारण विचारत नाहीत.

मुक्कामाला पोहोचलं की काका फुलपात्रात बोट बुडवून पाणी किती सांडलं ते पेरांत मोजतात आणि वहीत लिहितात. "दवाखान्यापर्यंत एक पेर, खोदकाम." "भाजी मंडईपर्यंत अर्धं पेर." एके ठिकाणी "दोन पेरं, मास्तर शिंकले" अशीही नोंद आहे.

काकांचा सगळा जन्म कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेला. तिथल्या पेन्सिली त्यांनी निवृत्तीच्या दिवशी परत केल्या, पण सवय घरी आणली. कुणी जरा मोघम बोललं की काका म्हणतात, "ड्रॉइंगला धरून बोला." काकूंच्या करंजीची मुरड डावीकडे सरकली आहे असं त्यांनी ऐन दिवाळीत चार पाहुण्यांदेखत सांगितलं होतं. त्या दिवाळीत त्यांना पुन्हा करंजी मिळाली नाही.

आता गाडीविषयी. लाल, दोन दारांची, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार. कारखान्याच्या मालकाने हौसेने परदेशातून आणली, दोन वर्षांत त्याची हौस फिटली आणि काकांनी ती घेतली. गाडी इतकी बुटकी आहे की सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली तर काकांना रिक्षावाल्याच्या चपला दिसतात. या वयात असली गाडी कशाला, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा विचारलं. "तुम्हाला गाडीचं वय म्हणायचंय की माझं?" काका म्हणाले. सेक्रेटरींनी तो विषय परत काढला नाही.

या गाडीचे शॉकअप विजेवर चालायचे. प्रत्येक चाकापाशी एक, त्याच्या पोटात तेल आणि एक छोटी झडप. समोर दोन बटणं. एक दाबलं की झडपा आवळायच्या आणि गाडी ताठ व्हायची, जोरात पळवायला. दुसरं दाबलं की झडपा सैल पडायच्या आणि खड्डे हलके लागायचे. काका त्यांना कडक बटण आणि मऊ बटण म्हणतात. मऊ बटणावरची अक्षरं बोटाने घासून पार पुसली गेली आहेत. कडक बटण अजून दुकानातून आणल्यासारखं चकचकीत आहे.

"कडक दाबा की एकदा," मी सुरुवातीला म्हटलं होतं.

"कशाला?"

"स्पोर्ट्स कार आहे म्हणून."

"ती तिची अडचण आहे," काका म्हणाले.

खरं कारण काकूंची कंबर. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांना रिक्षा चालत नाही, बस चालत नाही, भाच्याची उंच आणि महागडी गाडीही चालत नाही. चालते ती एवढीच. तिची खोलगट सीट पाठीला दोन्ही बाजूंनी ओंजळीत धरल्यासारखी धरते. आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे, असं त्यांचं तंत्र आहे. दर रविवारी दुपारी काका त्यांना वारज्याला धाकट्या बहिणीकडे, लीलाताईंकडे नेतात. दोघी बहिणी रमी खेळतात, भांडतात आणि संध्याकाळी काकू टवटवीत होऊन परत येतात. आठवडाभरात त्यांचं बाहेर पडणं ते एवढंच.

निघताना काकू विचारतात, "दाबलंत?" काका म्हणतात, "दाबलं." मग गाडी हलते. माझ्या बाल्कनीतून मी हे दर रविवारी ऐकत आलोय. काकू फुलपात्र धरत नाहीत. एकदा काकांनी दिलं तेव्हा त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं होतं. म्हणून आठवड्यात माझ्या हाती फुलपात्र देऊन रस्ते तपासायचे आणि रविवारी त्यातल्या त्यात बऱ्या रस्त्याने काकूंना न्यायचं, अशी काकांची पद्धत होती.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर काकूंचं वारज्याला जाणं थांबलं. एका रविवारी लीलाताईंकडे पाहुणे होते. पुढच्या रविवारी लीलाताईंना सर्दी झाली. मग काकूंचंच डोकं जड झालं. याच सुमारास गाडीच्या काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लागला, तो विझेना. काकांनी वही उघडली. सांडणारं पाणी महिन्यागणिक कमी होत होतं.

"एका पेरावरून पाव पेरावर आलोय, मास्तर. गाडी सुधारतेय. दिवाच बिघडलाय." त्यांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. रोज रात्री जेवताना ते काकूंना वही वाचून दाखवायचे. मलाही जरा अभिमान वाटायला लागला होता.

मग आम्ही तेल बदलायला बबनरावांच्या गॅरेजात गेलो. बबनराव इथल्या जुन्या गावातले. त्यांच्या शेतात आता बिल्डिंगी उभ्या आहेत आणि उरलेल्या तुकड्यावर गॅरेज आहे. त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, दाबले आणि सोडले. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली, आणि बराच वेळ तशीच मान डोलवत राहिली.

"काका, शॉकअप गेल्यात. चारीबी. त्येल गळतंय बघा खाली."

"शक्य नाही," काका म्हणाले. "नोंदी आहेत माझ्याकडे."

बबनरावांनी वही उभ्या उभ्या चाळली. "पानी कोन धरतं?"

"मी," मी म्हणालो.

"किती दिस झालं?"

"तीन वर्षं होतील."

बबनरावांनी वही मिटली. "सर, तुमचा हातच शॉकअप झालाय. खड्डा आला की तुमी हात आदीच ढिला सोडताय. पानी कशाला सांडंल?"

त्यांनी फुलपात्र भरून माझ्या हातात न देता पायाखालच्या रबरी चटईवर ठेवलं आणि गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. फुलपात्र आडवं होऊन सीटखाली गेलं होतं. थेंब राहिला नव्हता. काकांनी वाकून ते रिकामं फुलपात्र सीटखालून काढलं.

"लीलाला सर्दी झाली नव्हती, मास्तर," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माझी पँट वाचवत होतो आणि त्यापायी काकू महिनोन्‌महिने घरात बसल्या होत्या. घरी आल्यावर काकांनी त्यांना एवढंच विचारलं, "अगं, दुखत होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही वही किती आनंदाने वाचून दाखवत होतात," काकू म्हणाल्या.

त्यानंतरचा महिना काकांनी तसलेच शॉकअप शोधण्यात घालवला. परदेशात पत्रं पाठवली, सोबत स्वतः काढलेलं ड्रॉइंग. उत्तर आलं की ते आता बनत नाहीत. एक वापरलेला जोड सापडला, तो आमच्या जुन्या शॉकअपपेक्षाही दमलेला होता. बबनरावांचा तोडगा साधा होता: विजेचे सोडून द्या, चांगल्या प्रतीचे साधे बसवा. त्यांना वर एक चकती असते, ती हाताने फिरवून हवं तेवढं मऊ करायचं. आणि जुन्या वायरींना एक छोटी डबी जोडायची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, सगळं जागच्या जागी आहे.

"म्हणजे त्याला खोटं सांगायचं?"

"व्हय."

"हे ड्रॉइंगमध्ये नाही," म्हणून काका उठून आले. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच मला घेऊन गॅरेजात गेले आणि हो म्हणाले. फक्त एक अट घातली. मऊ बटण दाबलं की त्यातला हिरवा दिवा लागला पाहिजे.

"काका, त्या बटनाची वायर कुठंच जात न्हाई आता. नुसता दिवा लागंल."

"तेवढाच लागू दे. आणि घरी हिला कळता कामा नये. तिचा त्या बटणावर विश्वास आहे."

एकदा अर्ध्या मिलिमीटरसाठी सुताराशी भांडलेला माणूस हे बोलत होता. बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि वायर घेतली.

नव्या शॉकअपच्या चकत्या जुळवायला तीन दिवस लागले. या वेळी वही नव्हती. काका काकूंच्या सीटवर बसायचे, डोळे मिटायचे, बबनराव गाडी चालवायचे. "मागची अजून एक घर ढिली करा. माझ्या कमरेला कळलं म्हणजे तिच्या कमरेला दुखणार." मी फुलपात्राशिवाय गॅरेजातल्या स्टुलावर बसून होतो आणि मला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

रविवारी दुपारी काकू खाली आल्या. आधी बसल्या, मग पाय आत घेतले.

"दाबलंत?"

"दाबलं," काका म्हणाले. हिरवा दिवा लागला. गाडी वारज्याला गेली.

संध्याकाळपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही. गाडी आली तसा मी खाली गेलो. काका गाडीवर कापड घालत होते. काकू जिन्यापाशी उभ्या होत्या, सरळ, कमरेवर हात न ठेवता.

"कशी झालीय गाडी?" मी विचारलं.

"छान. पूर्वीइतकी नाही, पण छान. लीलाला तीन डाव हरवलं." मग त्यांनी आवाज उतरवला. "मास्तर, ते बटण कुठे जोडलेलंच नाही ना?"

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"पूर्वी दाबलं की सीटखाली टक् व्हायचं. इतकी वर्षं ऐकलंय मी. आज झालं नाही."

"काकांना सांगितलंत?"

"छे. तुम्हीही सांगू नका. मी इतके दिवस त्यांना सर्दी, पाहुणे काय काय सांगितलं. त्यांनी एवढं एक सांगितलं तर काय झालं?" त्यांनी कापड घालणाऱ्या काकांकडे पाहिलं. "माझ्या कमरेची एवढी काळजी माझ्या आईनेसुद्धा केली नसेल, मास्तर."

तेवढ्यात काका आले. "काय म्हणत होती?"

"मऊ आहे म्हणाल्या," मी म्हणालो.

"ड्रॉइंगला धरूनच आहे सगळं," काका म्हणाले आणि नजर चुकवून जिना चढायला लागले.

पुढच्या रविवारी मी बाल्कनीत होतो. काकू बसल्या, पाय आत घेतले.

"दाबलंत?"

"दाबलं."

काकूंनी एकदा वर माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बरं वाटतंय. चला."