खानोलकरांचा बर्फ

खानोलकरांबरोबर रस्ता ओलांडायचा तर एकेकट्याने ओलांडावा लागतो. आम्ही चौघी भाजीच्या पिशव्या घेऊन निघालो की आमचे हे शेजारी मागून म्हणतात, "घोळका नको. एकेकीने. बाकीच्यांनी नजर ठेवायची." तिसरीला सिग्नल संपतो.

हा नियम बर्फाच्या उतारांचा. बर्फ कोसळलाच तर एकच जण सापडावा, आणि त्याला उकरून काढायला बाकीचे शिल्लक राहावेत. मुलुंडला बर्फ फक्त उसाच्या रसात असतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"सवय इथेच लागते, वहिनी. वर जाऊन लागत नाही."

मोबाइलवर ते कशाचाही कोन मोजतात. पार्किंगचा रॅम्प त्यांनी पास केलाय. गच्चीवरचे पत्रे मात्र नापास. "तीस-पस्तीस अंश. बेकार उतार. खाली थांबू नका." पत्र्यांखाली माझे पापड वाळत होते, ते थांबले.

सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी ताटात साखर पसरली, तिच्यावर ढोकळ्याचा अख्खा थर ठेवला आणि ताट तिरकं केलं. काही झालं नाही. "बघा, किती शांत. वाऱ्याने आणून साठवलेला ताजा बर्फ असाच दिसतो. खालची भुसभुशीत साखर दिसते का कुणाला?" मग त्यांनी वर एक बोट टेकवलं. ढोकळा सरळ सेक्रेटरी देसाईंच्या मांडीवर.

"एका माणसाचं वजन पुरतं," खानोलकर म्हणाले.

"माझा लेंगा हो," देसाई म्हणाले.

एवढं सगळं येतं तर जात का नाही, असं मी एकदा विचारलं. पूर्वी दर हिवाळ्यात ते आणि त्यांचे बँकेतले मित्र परब हिमालयात जायचे. परबांचे गुडघे बदलले, तेव्हापासून बंद. मग खानोलकर एका ग्रुपबरोबर गेले. रात्री बर्फ पडला, वारा सुटला, सकाळी सगळे तयार आणि हे उतारासमोर उभे. आज नाही, म्हणाले. सगळ्यांना परत फिरावं लागलं. पुढच्या वर्षी ग्रुपचा फोन आला नाही.

"मग एकटे जा."

"एकट्याने जायचं नसतं." त्यांनी कपाटातून छातीवर बांधायची दोन यंत्रं काढली. गाडल्या गेलेल्याचं यंत्र सिग्नल देतं, दुसऱ्याने आपल्या यंत्रावर तो पकडत जायचं आणि झटपट खणायचं. "कोणी मिळालं तर या जानेवारीत जाईन. तोवर हात बसलेला राहायला हवा."

मी माझ्या गुडघ्यांचा विषय काढून निघून आले.

सध्या बिल्डिंगच्या दुरुस्तीसाठी खाली रेतीचा मोठा ढीग आहे. रविवारी सकाळी ओट्याजवळच्या खिडकीतून पाहिलं, तर खानोलकर एक यंत्र पिशवीत घालून रेतीत पुरत होते. पुरून झाल्यावर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग पाण्याच्या टाकीला दोन चकरा मारल्या. जागा विसरायला, दुसरं काय. नंतर वाकून, दुसरं यंत्र रेतीलगत फिरवत शोधायला लागले. खणलं, सापडलं, पुसलं. आणि पुन्हा पुरायला निघाले.

मी गॅस बंद केला आणि खाली गेले.

"द्या इकडे."

"अहो वहिनी, ते सिग्नलवर ठेवावं लागतं..."

"ठेवलंय ना? मग तोंड फिरवा."

ते भिंतीकडे वळले. मी फावडं उचललं.

"खोल पुरा," ते भिंतीला म्हणाले. "परब फार खोल पुरायचा."