मधासारखा व्हॉल्व्ह

"बाई तुझा आवाज ऐकून खुर्चीतून उठायच्याच नाहीत, बघशील तू!" दंतवैद्य बायकोला म्हणाले.

बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते, आपणही वहिनीच म्हणू. वहिनींच्या गाण्याचं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग झालं होतं आणि ते ऐकायला संध्याकाळी त्यांच्या गाण्याच्या बाई येणार होत्या. एवढ्या वर्षांत बाईंच्या तोंडून 'छान' हा शब्द कधी बाहेर पडला नव्हता. आणि नवऱ्याने घरी बनवलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा अॅम्प्लिफायर टेबलावर मांडला होता!

"साधा का नाही लावत?" वहिनी म्हणाल्या.

"साधा आवाज जसाच्या तसा ऐकवतो. व्हॉल्व्ह त्यात स्वतःची भर घालतो! तू एक सूर लावलास की त्याच्याच वरच्या सप्तकातला सूर हलकेच मिसळतो. म्हणून गोड लागतं."

"म्हणजे मी जे गायलेच नाही, तेही बाईंना ऐकवणार?"

"शिवाय हा ट्रान्सफॉर्मर! निम्मा आवाज याच्या हातात." तो उचलताना दंतवैद्यांची कंबर धरली होती, म्हणून त्यांना त्याचा विशेष आदर. "आता ऐकून सांग, आवाजात ऊब या व्हॉल्व्हने जास्त येते की मघाच्याने?"

"ऊब हवी असेल तर शाल पांघरा!" वहिनी कडाडल्या.

दुपारी वहिनी केस पुसत बाहेर आल्या, तर दंतवैद्यांनी पुढचा छोटा व्हॉल्व्ह बदललेला. "जुना आहे, पण आवाज मधासारखा!" असं म्हणून त्यांनी, दातावर मारतात तशी, पेन्सिलीने त्यावर टिचकी मारली.

स्पीकरमधून आवाज आला, "टण्ण!"

"हे काय?"

"आतला पत्रा जरा सैल झालाय. धक्का बसला की वाजतो. पण मध—"

"आधीचा लावा!"

"काढताना त्याची पिन तुटली."

"मग साधा अॅम्प्लिफायर आणा!"

दंतवैद्य छताकडे बघू लागले. साध्याची बटणं आणि वायरी काढूनच तर हा बनला होता!

वहिनींनी कपाळावर हात मारला. अॅम्प्लिफायरखाली भांडी घासायचे नवे स्पंज सरकवले. ट्रान्सफॉर्मरने ते पार चपटे केले. मग जमिनीवर घरातल्या सगळ्या गाद्या अंथरल्या. सासूबाई बिचाऱ्या श्वाससुद्धा बेताने घेऊ लागल्या.

बाई आल्या त्या काठी टेकत. दारातच थबकल्या. "तुमच्याकडे कुणी सारखं पडतं का गं?"

"गुडघ्यांना बरं असतं, बाई," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

मऊ सोफा बाईंना चालेना. ताठ पाठीची खुर्ची एकच, अॅम्प्लिफायरच्या टेबलाशी. बाई तिथेच बसल्या. रेकॉर्डिंग सुरू झालं. वहिनींचा एकटीचा आवाज, साथीला कुणीही नाही. आणि खरंच, आवाज इतका गोल आणि भरीव येत होता की वहिनी क्षणभर नवऱ्यावर रागवायचं विसरल्या.

तेवढ्यात बाई रंगात आल्या आणि बोटांनी टेबलावर ठेका धरला.

टण्ण! टण्ण! टण्ण!

वहिनींचे डोळे पांढरे झाले. त्यांनी नवऱ्याला खूण केली, काहीतरी करा! दंतवैद्यांनी रांगत जाऊन व्हॉल्व्ह चिमटीत धरला. तापलेला होता तो! बोट तोंडात घालून ते मुकाट्याने रांगत परत आले. इकडे लय वाढली, बाईंची बोटं नाचू लागली, आणि शेवटच्या समेवर बाईंनी अख्खा तळहात आपटला.

टण्णाऽऽण!

रेकॉर्डिंग संपलं. वहिनींनी डोळे गच्च मिटून घेतले.

"छान!" बाई म्हणाल्या.

वहिनींना रडूच कोसळणार होतं.

"गाणं ठीक आहे तुझं. पण तो साथीला टण्ण वाजवणारा! माझ्या एका ठोक्याला चुकला नाही. कुठे मिळाला गं हा माणूस? पुढच्या वेळी त्याला पुढे बसव, आणि तू जरा मागे बस."

वहिनींनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. दंतवैद्यांनी तोंडातलं बोट काढलं आणि अगदी संकोचून म्हणाले, "मीच शोधून आणलाय, बाई."