कुलपाआडचा सूर

भीमजयंतीच्या गायन स्पर्धेत नाव द्यायचं, हे सुगतने आंघोळ करताना ठरवलं. न्हाणीघरात कोणाचाही आवाज भरदार लागतो, हे त्याला त्या वेळी कोणी सांगितलं नाही. (बायकोने, धम्मदिनाने, सांगितलं होतं, पण नळ चालू होता.)

सुगत भिवंडीजवळच्या काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये क्लार्क होता. गाणं त्याने स्वतःच रचलं: ‘उजेड दिलास तू, वाट दिलीस तू.’ चाल बसवून दिली जयंती मंडळाच्या कोंडूकाकांनी. एसटीतून रिटायर झाल्यापासून काका हार्मोनियमवरच राहत. ते म्हणाले, “सुगत, जीव ओतून गा. नंबर लागणं परीक्षकांच्या हातात. आपल्या हातात फक्त गळा.”

“अगदी खरं आहे, काका,” सुगत म्हणाला आणि घरी येऊन त्याने शोकेसमधली धम्मदिनाची काचेची बदकं बाजूला सारून बक्षिसाच्या कपासाठी जागा केली.

आवाज टेप कर, म्हणजे चुका कळतील, हेही काकांचंच सांगणं. सुगतने माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला. रोज सकाळी गाणं टेप करायचं आणि ते ऐकायला बटण दाबायचं, की लाइट गेलीच. त्या उन्हाळ्यात लोडशेडिंगने भिवंडीची पार दैना केली होती. सकाळी गेलेली लाइट दुपारी मनाला येईल तेव्हा यायची. सुगत तसाच डबा उचलून ड्युटीवर पळायचा. टेप रोज भरायची, ऐकणं मात्र राहूनच जायचं.

एका संध्याकाळी घरमालकीण धोंडूबाई त्याची वाट अडवूनच उभी राहिली.

“सुगत, तुज्या खोलीत दुपारचं कोन रडतंय?”

“कोण रडणार, आजी? मी गोडाऊनला, ही अंगणवाडीत. दाराला कुलूप.”

“त्येच तर! भाहेर कुलूप, नि आत रडनं. बाईचं न्हाय, पुरुषाचं न्हाय. मधलंच कायतरी.” तिने आवाज खाली आणला. “तुमच्या आदी हितं एक लूमवाला र्‍हायचा. गावाला जातो बोलला, त्यो परत आलाच न्हाय. त्योच आला आसंल.”

“आजी, आम्ही भूत मानत नाही.”

“तू मानत न्हाय, पन त्याला कुठं ठावं हाय!” धोंडूबाई म्हणाली. “मी भगताला बोलावते. न्हायतर खोली खाली करा. माजी बाकीची भाडेकरू पळतील.”

जयंती तोंडावर आली होती आणि बिऱ्हाड पाठीवर यायची वेळ! सुगतने दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला. सोबत म्हणून धम्मदिनालाही बोलावून घेतलं. (भीती म्हणून नव्हे. साक्षीदार असावा म्हणून.)

दुपारी दोघं गल्लीत शिरली आणि सुगत एक पाऊल मागे राहिला. गल्लीतले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद होते. एरवी तो खडखडाट इतका अंगवळणी पडलेला, की आता कान पाण्याखाली गेल्यासारखे वाटत होते. वाऱ्याने कापसाचा एक पुंजका जमिनीलगत सरकत आला, सुगतच्या चपलेपाशी थांबला आणि पुढे गेला. ओट्यावरचं कुत्रं त्यांच्या दाराकडे बघत मागे मागे सरत होतं. धोंडूबाई हातात लिंबू धरून जिन्याखाली उभी.

तेवढ्यात समोरच्या दुकानातला बल्ब पिवळा पेटला. लाइट आली होती, पण व्होल्टेज अगदीच कमी. अशा वेळी मोटार जळेल म्हणून लूमवाले लूम सुरू करत नाहीत. गल्ली होती तशीच मुकी राहिली.

आणि खोलीच्या आतून आवाज आला.

“उऽऽऽऽऽ…”

जाड, खोल, ओल्या विहिरीतून वर यावा तसा. मध्येच थरथरला, खाली घसरला आणि पुन्हा उठला. हा आवाज सुगतने आयुष्यात कधी ऐकला नव्हता, आणि तरी आतून कोणीतरी ओळखीचं बोलावत असल्यासारखं त्याला वाटत होतं.

“आयकलास?” धोंडूबाई कुजबुजली.

“अहो, उघडा की दार,” धम्मदिना म्हणाली.

“चावी तुझ्याकडेही आहे.”

“तुम्ही भूत मानत नाही ना?”

“तूही मानत नाहीस.”

शेवटी धम्मदिनानेच कुलूप काढलं. आत अंधार. पंखा आपोआप फिरत होता, एकेक पातं मोजता येईल इतका सावकाश. ट्यूब पेटू की नको करत फडफडत होती, आणि दर फडफडीला भिंतीवर माणसाएवढी सावली उठून बसत होती. (ती सुगतचीच होती, पण हे नंतर कळलं.) पडद्यामागून आवाज आला, “…जेऽऽऽ… डऽऽऽ…”

“कोण आहे?” सुगत ओरडला. निदान त्याला तसं वाटलं. बाहेर नुसती हवा आली.

अचानक व्होल्टेज वाढलं. ट्यूब लख्ख पेटली, पंखा गरगरला, आणि तो खोल आवाज भराभर वर चढत चढत बारीक, नाकातला, ओळखीचा झाला: “…दिलास तू, वाट दिलीस तू!”

धम्मदिनाने पडदा सारला. टेपरेकॉर्डरचं बटण सकाळपासून दाबलेलंच होतं.

धोंडूबाईने लिंबू पदराला बांधलं. “म्हंजे रोज तूच रडत व्हतास? आरं, आदीचा सावकाश रडनारा बरा व्हता!”

खोली वाचली, पण सुगत त्या रात्री जेवला नाही. आपला आवाज असा आहे? लोक याला घाबरून लिंबू घेऊन उभे राहतात?

“नाव मागे घेतो,” तो म्हणाला.

“घ्या. पण मग हे गाणं कोण म्हणणार?” धम्मदिना म्हणाली. “दुसऱ्या कोणाला ते येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून तो टेप नीट ऐकू लागला, काकांकडे रोज बसू लागला. जिथे सूर नाकात जायचा, तिथे पुन्हा पुन्हा गाऊ लागला.

स्पर्धा कशेळीला होती. सुगत माइकसमोर उभा राहिला. मग त्याने डोळे मिटले आणि शोकेस, कप, परीक्षक सगळं विसरून तो गायला. वरचा सूर हुकला. तो थांबला नाही. शेवटच्या ओळीला पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. (डोळ्यात काही गेलंही असेल.)

पहिला नंबर एका शाळकरी मुलीचा आला. सुगतचा कुठलाच आला नाही, उत्तेजनार्थही नाही. वाईट वाटेल म्हणून तो वाट बघत बसला, वाटलं नाही. छातीवरचं ओझं कोणी उतरवून नेलं होतं.

परतीच्या रिक्षात तो धम्मदिनाला म्हणाला, “आज गायलो तसा कधी गायलो नव्हतो.”

“खरंच नव्हता,” ती म्हणाली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

सुगत सुखाने मागे रेलला आणि हलकेच गुणगुणू लागला. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून मागच्या चाकापाशी वाकला.

“दो मिनिट, साब,” तो म्हणाला. “बेअरिंग गया लगता है.”