चुली विझवा, हवा बसू द्या

दिवेलागणीला दारात उभं राहून "चूल विझवा" असं सांगणारा शेजारी तुमच्या वाट्याला आला नसेल, तर तुम्ही नशीबवान आहात. नांदेडात आमच्या भिंतीला भिंत लावून असा एक शेजारी राहत होता. नाव अंबादासपंत. अमदानी निजामाची. पंत तहसील कचेरीत नक्कलनवीस होते, म्हणजे दिवसभर सरकारी कागदांच्या उर्दूत नकला उतरवायच्या. आणि घरी आले की टोपी डोक्यावर तशीच ठेवून परसात तिवईवर पितळी दुर्बीण चढवायची, शनी बघायला म्हणून. हैदराबादेत कुणा साहेबाच्या सामानाचा हर्राज, म्हणजे लिलाव झाला, त्यात ती त्यांनी उचलली होती.

"मास्तर, वहिनींना सांगा, घडीभर चूल विझवा. धुरानं हवा उकळून राहिली. हवा बसू द्या."

"मग भाकरी काय शनीवर भाजू?" आमच्या हिनं आतूनच विचारलं.

"शनी थंड असतो, वहिनी," पंत गंभीरपणे म्हणाले आणि पुढच्या दारी गेले.

पंतांना बोलायला विषय एकच, मौसम. त्यातही जगाचं एक आणि त्यांचं भलतंच. वारा सुटून आभाळ लख्ख झालं, चांदण्या चमचमायला लागल्या, की आपण म्हणतो, काय सुंदर रात्र आहे. पंत कपाळाला हात लावायचे. "चांदण्या नाचून राहिल्या, मास्तर. चांदणी नाचली की समजा, वर आधण आलंय." उलट उकाड्यानं जीव नकोसा झालेला, पान हलत नाही, गल्ली घामानं निथळतेय, अशा वेळी पंतांचा चेहरा खुलायचा. हवेला ते आण्यांत मोजत. "आज नऊ आणे. आज बारा आणे." चौदाच्या वर ते कधी गेले नाहीत. सोळा आणे हवा त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकली नव्हती. चैतातली धूळ, आषाढातले ढग आणि पौषात गोदावरीवरून चढणारं धुकं हे तिघे त्यांचे जातीचे वैरी.

माणूस एका जागी टिकत नसे. जेवता जेवता उठून अंगणात यायचे, नकला उतरवता उतरवता कचेरीच्या ओट्यावर जायचे. एकदा त्यांच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पंतजी, आसमान में कौनसी मिसल रखे जी?" मिसल म्हणजे कचेरीतली फाइल. पंत खाली मान घालून आत आले आणि त्या गडबडीत जमिनीच्या एका तंट्याच्या नकलेत, दोन भावांच्या नावांच्या मधोमध, "नायगावाकडे ढग दाट" असं लिहून मोकळे झाले. दोघे भाऊ ते वाचून बांधाची नवी खूणच समजले म्हणे.

मलाही त्यांनी एकदा दुर्बिणीला डोळा लावायला बसवलं. "श्वास रोखा. काचेवर वाफ धरते." मी श्वास रोखला. मला माझीच पापणी दिसली. पण मी "वा वा" म्हणालो. शेजारधर्म म्हणून काही असतं.

महिन्यातून एखाद्या दिवशी तर पंत संध्याकाळी गाड्यांच्या अड्ड्यावर जाऊन उभे राहत. पूर्वेच्या नायगावाकडून आलेल्या प्रत्येक गाडीवानाला धरून विचारायचं, "तिकडं आभाळ कसं हाय?"

"आभाळ हाय तिथंच हाय, मालक," एक गाडीवान म्हणाला. "काळं लई हाय पण."

त्या दिवशी पंत घरी येईपर्यंत चारदा मागे वळून पूर्वेकडं बघत होते. मी मनात म्हटलं, याला शनीनं साडेसातीसारखं धरलंय.

त्यांच्या बायकोचं नाव सीताकाकू. शांत बाई. त्यांचा आवाज भिंतीपलीकडून मी एकदाच चढलेला ऐकला. "अहो, ससा पाय वर करून पडलाय! मेला की काय?" चंद्रावरचा ससा हो. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. पंतांनी काच, किरण, सगळं पळी उलटीसुलटी करून समजावलं. काकूंना पटेना. शेवटी भटजींना बोलावणं गेलं. भटजींनी डोळा लावला, श्वास रोखला, आणि निकाल दिला, "ससा झोपलाय असं समजावं. चंद्र तोच." ही गोष्ट मी शाळेत जाऊन तिखटमीठ लावून सांगितली. सगळे मास्तर पोट धरून हसले. चंद्र बघायला भटजींचा निकाल कशाला लागतो, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मग श्रावणातली संकष्टी आली. चतुर्थीचा उपास, चंद्र बघून सोडायचा. आभाळ दिवसभर गच्च. आमच्या हिनं पंचांगातली चंद्रोदयाची वेळ झाल्यावर पूर्वेला पाणी सोडलं आणि चुलीवर भात चढवला. गल्लीत घरोघरी तेच चाललं होतं. एवढ्यात दारात पंत. डोक्यावर टोपी नाही.

"मास्तर, चूल विझवा."

माझं डोकंच फिरलं. "पंत, वर्षभर तुमचा शनी सांभाळला. आज उपासाच्या दिवशी तरी बायकांना चार घास खाऊ द्या!"

"हाव, मास्तर. घासाचंच हाय," एवढंच पंत म्हणाले आणि वळले.

मी आणखी दोन शब्द सुनवायचे म्हणून त्यांच्या मागोमाग परसात गेलो. तिथं दुर्बिणीपाशी काकू पाटावर बसल्या होत्या. समोर ताम्हन, पळी, दूर्वा. बाजूला दोन वाढलेली ताटं, वर ताटंच झाकलेली.

"ह्यांचं मनावर घेऊ नका, मास्तर," काकू म्हणाल्या.

पंत येरझाऱ्या घालत बोलायला लागले. बारा वर्षांमागं त्यांना विषमज्वर झाला, वैद्यानं हात टेकले. तेव्हा काकू नवस बोलल्या, हे वाचले तर जन्मभर दर चतुर्थीला चंद्र स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याशिवाय घास घेणार नाही. पंत वाचले. आता काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जराशा धुरकट हवेतला चंद्रही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. गेल्या महिन्यात ढग हटले नाहीत आणि त्यांनी दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढले.

"पंचांग बघून सोड म्हणलो, तर म्हणती, नवस पंचांगाला बोलले नव्हते." पंत येरझाऱ्या थांबवून माझ्याकडं वळले. "मी मरत नाही, मास्तर, अन् ही खात नाही."

दुसरं ताट कुणाचं, ते मी विचारलं नाही.

नायगावच्या बाजूला ढग फाटले होते आणि छपरांच्या वर तांबूस चंद्र आला होता. मला साध्या डोळ्यानं दिसत होता. पण ओल्या हवेत गल्लीभरच्या चुलींचा धूर त्याच्यापुढं साचून राहिला होता. काकूंनी दुर्बिणीला डोळा लावला. "नुसतं तांबडं हाय हो. ससा न्हाई." बाकी कशाला त्या चंद्र म्हणणार नव्हत्या. ढगांची फट मिटत चालली होती.

मला माझी लाज वाटली. पोट धरून हसणारे ते सगळे मास्तर आठवले, आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसणारा मी. घरी आलो आणि तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. भात अर्धा कच्चा. ही ओरडली, "डोकं फिरलं का तुमचं?"

"मागनं सांगतो," म्हणत मी शेजारच्या दारी धावलो. "चूल विझवा, हवा बसू द्या!"

"अगं बाई, मास्तरलाबी लागलं की हे," तिथली म्हातारी म्हणाली. तिसऱ्या दारी पोचेपर्यंत ही माझ्या मागून आली. परसाकडच्या खिडकीतून तिनं त्या दोन ताटांकडं पाहिलं असावं. मला बाजूला सारून ती सरळ घरात शिरली आणि पुढच्या सगळ्या चुली तिनं विझवल्या. बायकांचं बायका ऐकतात.

आम्ही दोघं भिंतीलगत येऊन उभे राहिलो. गल्लीत चुलींवरचं पाणी चुरचुरत होतं, मग तेही थांबलं.

"श्वास रोख," पलीकडून पंत म्हणाले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग काकूंचा आवाज आला, "झोपलाय हो. कान बी दिसून राहिले."

पळीतलं पाणी ताम्हनात पडलं. झाकलेली ताटं उघडली, आधी एक, मग दुसरं.

जरा वेळानं भिंतीपलीकडून पंतांनी हाक मारली. तोंडात घास होता. "मास्तर, हायत का तिथं? सोळा आणे! सोळा आणे हवा!"

मी वर पाहिलं. चंद्र केव्हाच ढगात गेला होता.