पातळ रसाचे तीन हात

पातळ करण्यातलं आप्पांना कुणी काही शिकवायचं कारण नव्हतं. उभा जन्म लोकांची घरं रंगवण्यात गेला होता. डब्यात थिनर किती ओतायचा, हे ते नुसत्या वासावरून सांगत. त्यामुळे सूनबाई सोड्याची बाटली घेऊन आली, तेव्हा ते गालातल्या गालात हसले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, येत्या तपासणीत साखर उतरली तर चहात एक चमचा परत मिळेल. आप्पांचा जीव त्या चमच्यात अडकला होता. पण सकाळचा ग्लासभर संत्र्याचा रसही सुटत नव्हता.

"बाबा, अर्धा ग्लास रस घ्या आणि वर हा साधा सोडा. यात साखर नसते. म्हणजे पोटात निम्मीच जाईल."

"पातळ करायचं मला सांगतेस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्लास रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं. चव फिकी. पातळ रंग एका हातात बसत नाही, हे कुणीही रंगारी सांगेल. त्यांनी पुन्हा ग्लास भरला.

"अहो, दुसरा ग्लास?" बायकोने विचारलं.

"ग्लास नाही. दुसरा हात."

मग ढेकर आला. कामात बुडबुडे राहिले की रंगाऱ्याची अब्रू जाते. ते झाकायला तिसरा हात द्यावाच लागला. पुढे रोज तसंच चाललं.

तपासणी झाली. साखर उतरायची सोडून शिडी चढून बसली होती.

"त्या सोड्यातच काहीतरी कालवलंय," आप्पांनी निकाल दिला.

तीन ग्लासांत मिळून जेवढा रस जायचा, तेवढा सूनबाईने त्यांच्यासमोर नुसताच ओतून दाखवला. एक ग्लास काठोकाठ भरला, दुसरा अर्धा.

"पूर्वी एकच प्यायचात, बाबा."

आप्पांनी डोळे बारीक करून दोन्ही ग्लास न्याहाळले.

"वाळल्यावर कमी दिसेल," ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी रस बंदच केला. वाटलं तर नुसता सोडा प्या, म्हणाले.

"नुसता थिनर?" आप्पांनी विचारलं. "मग भिंतीवर दिसणार काय?"

डॉक्टरांनी आप्पांच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे घरीही असंच असतं.

घरी आल्यावर तिने बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. आप्पांनी एक घोट घेतला आणि आशेने वर पाहिलं.

"अगं, जरा फिका लागतोय."

"तो प्रायमर आहे," ती म्हणाली. "वरचा हात पुढच्या तपासणीनंतर."